गुरुवारची साखर

जेवणानंतरची साखर दोनशे शहाऐंशी निघाली, तेव्हा शमीमवर घरात कोणाचाच विश्वास राहिला नाही.

तिचा नवरा मुश्ताक गडचांदूरच्या मेन रोडवर बांगड्यांचं दुकान सांभाळायचा. शमीम बाजार करायची. आठवड्यातून चार दिवस दुकानात मुश्ताकच्या जोडीला, आणि दर गुरुवारी पहाडावर, जिवतीच्या पुढच्या आंबेझरीच्या बाजारात. बांगड्या भरायला बायकांना बाईच लागते, म्हणून हा बाजार बारा वर्षांपासून तिच्याकडेच होता. सकाळी सहाच्या जीपने बांगड्यांच्या पेट्या घेऊन निघायचं, आठला दुकान मांडायचं, आणि तीनच्या जीपने परत. मार्च ते मे म्हणजे लग्नसराई. गोंड, कोलाम, बंजारा, बौद्ध, सगळ्या घरच्या पोरी आयांना घेऊन यायच्या, आणि शमीमचे हात दिवसभर कोणाच्या ना कोणाच्या मनगटावर असायचे.

मधुमेह निघाल्याला तेव्हा वर्ष झालं होतं. २००४ सालच्या मार्चची ही गोष्ट. डॉक्टर गौरकारांचा दवाखाना जीपस्टँडच्या बाजूलाच होता, म्हणून तपासणीचा दिवसही गुरुवारच पडला. दोन वाजता बाजारात डबा खायचा, चार वाजता गडचांदूरला उतरायचं आणि पेट्या जीपवाल्याकडे सोडून तसंच रक्त द्यायला जायचं. जेवणानंतर बरोबर दोन तास.

डॉक्टरांनी कागद पाहिला आणि चष्मा काढला.

"शमीमबाई, काल सकाळची उपाशीपोटीची साखर एकशे अठरा. चांगली आहे. मग जेवल्यावर असं काय होतं? काय खाता बाजारात?"

"घरचाच डबा खातो जी. दोन भाकरी अन् भाजी."

"आणि त्याच्यावर?"

"त्याच्यावर काई नाई."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून कळत होतं, त्यांना ते पटलेलं नाही. आंबेझरीच्या बाजारात जिलेबीची दोन दुकानं लागतात हे गडचांदूरात सगळ्यांनाच माहीत होतं.

घरी मुश्ताकने तर सरळच विचारलं. "खुदाच्या वास्ते खरं सांग. मी काई बोलनार नाई. जिलेबी खाल्ली ना?"

"कसम से सांगतो, तोंडालेबी लावली नाई."

"मग साखर का हवेतून आली?"

सून रुखसार भाकरी थापत होती. दुसऱ्या गुरुवारी सासूचा डबा भरताना तिने दोन भाकऱ्या दोनदा मोजून ठेवल्या. शमीमने ते पाहिलं. गेल्या ईदला घरात शीरखुर्मा शिजला तेव्हा तिने वाटी उपडी घातली होती, पाहुण्यांनी आग्रह केला तरी. आणि आता सुनेने आपल्या डब्यावर पहारा बसवावा, हे तिला फार लागलं. पण बोलायला आकडा आडवा येत होता. दुसऱ्या गुरुवारी दोनशे चौऱ्याहत्तर निघाली.

मग डॉक्टरांनी एकाची दीड गोळी केली.

त्यानंतरच्या सोमवारी शमीम दुकानात बसली होती. सकाळचं जेवण झालेलं, पाणी पिऊन झालेलं, गिऱ्हाईक नव्हतं. दोऱ्यात ओवलेला हिरव्या बांगड्यांचा तोडा उलगडता उलगडता तिच्या बोटांना कापरं भरलं. कपाळावरून घाम सुटला. समोरचा रस्ता हलतोय असं वाटलं, आणि हातातला तोडा फरशीवर पडून फुटला. मुश्ताकला आधी वाटलं ऊन लागलं. पण ती वेड्यासारखं बोलायला लागली, दुकानामागच्या घरातून धावत आलेल्या रुखसारला आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाका मारायला लागली, तेव्हा तो घाबरला. रुखसारने मात्र डोकं चालवलं. तिने साखरेचं पाणी केलं आणि सासूला भिंतीला टेकवून घोट घोट पाजलं. ऑटोत घालून दवाखान्यात नेईपर्यंत शमीम शुद्धीवर आली होती. तरी रक्त तपासलं तेव्हा साखर फक्त बावन्न होती.

डॉक्टर गौरकार चांगला माणूस होता. त्यांनी आपली चूक दडवली नाही. "गोळी जास्त झाली," ते म्हणाले. "पुन्हा एकच सुरू करा. पण मला हे कळत नाही. गुरुवारी एक गोळी पुरत नाही, आणि सोमवारी नुसती अर्धी वाढली तर ती जीव घ्यायला उठते. बाई तीच, भाकरी तीच."

दवाखान्याच्या मागच्या खोलीत लॅब होती. तिथे कांता रामटेके रक्त काढायची. नागपूरहून डीएमएलटी, म्हणजे लॅबचा डिप्लोमा, करून आलेली, तिशीच्या आतली, कमी बोलणारी मुलगी. तिचे वडील शाळामास्तर होते, आणि वहीत नोंद ठेवायची सवय तिला घरातूनच लागली होती. डॉक्टर आकडे पाहायचे. कांता हात पाहायची. सोमवारी शमीमची नस पहिल्या टोचणीत लागली. कांताला आठवलं, गुरुवारी हीच नस सापडता सापडत नव्हती. दोन्हीदा तीन-तीन ठिकाणी टोचावं लागलं होतं. लघवी तपासायला मागितली तर बाटलीच्या तळाला जेमतेम दोन बोटं, आणि रंग मोहरीच्या तेलासारखा.

मुश्ताक औषधं घ्यायला बाहेर गेला तेव्हा कांताने दार लोटून घेतलं.

"चाची, एक विचारू का? गुरुवारी पाणी किती पिता?"

शमीमने मान खाली घातली. "पेतो की."

"किती?"

"सकाळी निघताना चहा पेतो कपभर."

"अन् मग?"

"मग घरी आल्यावर."

कांताने हिशेब केला. सकाळी साडेपाच ते संध्याकाळी पाच. मार्चमध्येच बेचाळीसचं ऊन.

"काऊन जी? डब्यासंग पाण्याची बाटली नेत नाई का?"

शमीमने दार नीट लागलंय का ते पाहिलं. मग म्हणाली, "बेटी, पेलं तर जाऊ कुठी? आंबेझरीचा बाजार तू पाह्यला नाई. सपाट खडक हाय. एक झाड नाई, एक भिंत नाई. मानसं कुंपणाकडं तोंड करून उभे राह्यतात. बाईमानूस का करन? पहिल्या साली एकदा गेली होती, नाल्यापर्यंत, अर्धा कोस. वापस आली त पोट्ट्यांनी मांग येऊन हसून घेतलं अन् इकडं दोन डझन बांगड्या गायब. तवापासून मी तोंडात पाणी घेतच नाई. जेवताना एक घोट, घास उतरासाठी. बारा वर्सं झाली. माह्याच एकटीचं नाई. तिथल्या कोन्याच बाया पेत नाई."

"हे डॉक्टरसाहेबाले काऊन नाई सांगितलं?"

"त्याईनं खाण्याचं विचारलं. पेण्याचं विचारलं नाई. अन् हे का मरदमानसाले सांगाची गोष्ट हाय?"

कांताने सांगितलं. शमीमचं नाव घेऊन, स्पष्ट शब्दांत, संध्याकाळी दवाखाना रिकामा झाल्यावर. डॉक्टर आधी म्हणाले, ऊन असेल, दगदग असेल, बाजारातली धावपळ असेल. मग त्यांनी शमीमचा कागद पुन्हा उघडला. मग म्हणाले, "पाणी. हो, पाणी असू शकतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शमीम आणि मुश्ताक दोघांनाही बोलावून समजावलं. शरीराला पाणी कमी पडलं की मेंदूकडून एक निरोप सुटतो. तो मूत्रपिंडाला सांगतो, पाणी बाहेर सोडू नको. तोच निरोप यकृतालाही पोचतो, आणि यकृत आपल्याजवळ साठवलेली साखर रक्तात सोडायला लागतं. जणू काही संकट आलंय आणि अंगाला ताकद लागणार आहे. धडधाकट माणसाचं शरीर ते सांभाळून घेतं. मधुमेहाच्या माणसाला ते जमत नाही. त्यात वरून जेवणाची साखर येते. रक्त आटलेलं, लघवी थांबलेली, मग ती साखर जाणार कुठे?

"म्हणजे भाकरी तीच," डॉक्टर म्हणाले, "पण तहानलेल्या अंगात ती वेगळी वागते. हा माझा अंदाज आहे, बरं का. दोन गुरुवारांवरून मी शपथेवर सांगणार नाही."

"मग एका गुरुवारी पाणी पेऊन पाहू," कांता म्हणाली. "डबा तोच, गोळी तीच एक, वेळ तीच."

 घरी जाताना रस्त्यात मुश्ताक एवढंच म्हणाला, "बारा वर्सं तू उपाशी राह्यल्यासारखी राह्यली अन् मले मालूम नाई." शमीम म्हणाली, "उपाशी नाई, तहानी." त्याने संध्याकाळी बाजारातून पाच लिटरची निळी कॅन आणली आणि तिला ओल्या गोणपाटाचं कव्हर शिवलं.

कॅन झाली. जागेचा प्रश्न तसाच होता.

आंबेझरीच्या बाजारात शमीमच्या शेजारी बायनाबाईचं दुकान लागायचं. ती सुकी मासळी आणि मिरच्या विकायची. त्याच ग्रामपंचायतीतल्या एका पाड्यावरची बौद्ध बाई, पन्नाशी उलटलेली, आवाज असा की बाजाराच्या दुसऱ्या टोकाला भाव कळायचा. शमीमने तिला साखरेचं सगळं सांगितलं. बायनाबाईने ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे ते मुतानं साखर वाढते?"

"मुतानं नाई बाई. पाणी नाई पेल्यानं."

"एकच झालं."

ती उठली आणि दोन दुकानं सोडून बसणाऱ्या वारलूकडे गेली. वारलू बांबूच्या टोपल्या, सुपं आणि कुडाला लावायचे विणलेले तट्टे विकायचा. बायनाबाईने त्याच्याकडून तीन तट्टे उचलले. काय करणार म्हणून त्याने विचारलं, तेव्हा तिने त्याला मोठ्याने सांगितलं. आसपासच्या चार माणसांनी माना फिरवल्या. वारलूने चौथा तट्टाही दिला आणि गाडायला चार खुंट तासून दिले.

बाजाराच्या मागच्या बाजूला, जिथे खडक संपून थोडी माती लागते, तिथे दोघींनी तट्टे उभे केले. वर छप्पर नाही, आत चार दगड. दाराला शमीमचं जुनं लुगडं. त्या दिवशी शमीम सकाळपासून दर तासाला पेला भरून पाणी प्यायली. अकरा वाजता उठताना तिला सगळा बाजार आपल्याकडेच पाहतोय असं वाटलं. बायनाबाई लुगड्याबाहेर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. शमीम बाहेर आली तेव्हा तिथे आणखी सहा बायका उभ्या होत्या. भाजीवाली, मुरमुरेवाली, आणि बांगड्या भरायला आलेल्या नवरीची आई.  एकेक आत गेली.

चार वाजता कांताने रक्त काढलं. नस पहिल्याच टोचणीत लागली.

एकशे अठ्ठ्याण्णव.

कांताने मशीन पुन्हा तपासलं आणि दुसऱ्यांदा नमुना लावला. एकशे शहाण्णव.

"हे काई चांगली साखर नाई चाची," ती म्हणाली, "पण दोनशे शहाऐंशीबी नाई."

पुढच्या दोन गुरुवारी दोनशे चार आणि एकशे नव्वद निघाली. रुखसारने डब्यात तिसरी भाकरी ठेवून पाहिली. शमीमने ती काढून तिच्याच ताटात टाकली. "आता हे खेळ नको करू," ती म्हणाली. "दोनच बराबर हाय." दोघी हसल्या, आणि सासू-सुनेतला तो विषय तिथेच मिटला.

डॉक्टरांना मात्र अजून खात्री नव्हती. त्यांना वाटत होतं, लक्ष ठेवलंय म्हणून बाई जास्त जपत असेल. कांता म्हणाली, एका गुरुवारी मुद्दाम पाणी न पिता पाहायचं का? त्यांनी तिला झटकलं. "पेशंटला तहानलेलं ठेवून मला काही शिकायचं नाही."

पण एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात बुधवारी अवकाळी वारा सुटला. शमीम सकाळी बाजारात पोचली तर चारही तट्टे उडून नाल्यात पडलेले, खुंट मोडलेले. वारलू त्या दिवशी आलाच नव्हता. लग्नाची मोठी तीथ होती, गिऱ्हाइकाची रीघ लागलेली, दुसरी सोय करायला वेळ नव्हता. शमीमने कॅनचं बूच उघडलंच नाही. जीपमध्ये बसेपर्यंत तिची जीभ टाळ्याला चिकटली होती, आणि डोकं ठणकत होतं.

दवाखान्यात शिरल्या शिरल्या ती कांताला म्हणाली, "आज वाढली असन. पाणी पेली नाई."

दोनशे एकाहत्तर.

डॉक्टरांनी कांताची वही मागून घेतली. तारखा, आकडे, पाणी प्यायली की नाही, नस लागली की नाही, सगळं एकाखाली एक लिहिलेलं. त्यांनी ते पान दोनदा वाचलं. मग ते म्हणाले, "बाई, गोळी चालूच ठेवा, पाणी म्हणजे औषध नव्हे. पण तुमच्यापुरतं मला पटलं. गोळी वाढवायची गरज नाही. गरज आहे ती तिथे आडोशाची. आणि तो माझ्या चिठ्ठीवर मिळत नाही."

एक मे रोजी आंबेझरीत ग्रामसभा होती. शमीम त्या गावची नव्हती, तिला तिथे बोलायचा हक्क नव्हता. बायनाबाई मात्र तिथली होती. बायनाबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून शमीमने तिला आकडे तोंडपाठ करून दिले. मसाला कुटताना ओव्या म्हणतात तसे ती ते घोकत राहिली.

सभा शाळेच्या वऱ्हांड्यात भरली. सरपंच मीराबाई आत्राम खुर्चीवर, आणि शेजारी तिचा नवरा. आरक्षणात निवडून आलेल्या मीराबाईच्या वतीने बोलायचं काम आजवर तोच करत आला होता. शमीम मागे भिंतीला टेकून बसली होती.

रस्ता, दिवाबत्ती, शाळेचे पत्रे, सगळं झाल्यावर बायनाबाई उभी राहिली.

"बाजारात बायांसाठी मुतारी पायजे," ती म्हणाली.

वऱ्हांड्यात हसू फुटलं. ग्रामसेवकाने मान कागदात घातली. सरपंचांचा नवरा म्हणाला, "बाई, हे सभेत बोलाचं असते का? बाजार त आठवड्यातून एक दिस."

"तेच सांगून राह्यली," बायनाबाईचा आवाज चढला. "एक दिस. या बाईनं पाणी पेलं तवा साखर एकशे अठ्ठ्याण्णव. नाई पेलं तवा दोनशे शहाऐंशी. पेलं तवा दोनशे चार. नाई पेलं तवा दोनशे एकाहत्तर. भाकरी दोनच. डॉक्टरानं वहीत लिहून ठेवलं हाय. आमच्या रक्तात काय होते ते आमाले दिसत नाई, म्हणून आमी चूप बसतो. आता दिसलं."

कोणीतरी म्हणालं, तिला साखरेचा आजार आहे म्हणून. बाकीच्यांना काय होतं?

"मले मूतखडा झाला मागच्या साली," मुरमुरेवाली बसल्या जागेवरून म्हणाली.

"मले दर उन्हाळ्यात जळजळ होते," आणखी एक आवाज आला. मग तिसरा. बायका एकमेकींकडे न पाहता, जमिनीकडे पाहत बोलत होत्या, पण बोलत होत्या. 

सरपंचांच्या नवऱ्याने हात वर केला. "ठीक हाय, ठीक हाय. पुढच्या सभेत विषय घेऊ."

"नाई," मीराबाई म्हणाली.

ती इतक्या हळू बोलली की आधी कोणाला कळलंच नाही. नवऱ्याने वळून पाहिलं.

"पुढच्या सभेत नाई. आता लिहा," तिने ग्रामसेवकाला सांगितलं. "गुरुवारी मी पंचायतीत सकाळपासून बसतो. तिथीबी जागा नाई. तुमी सारे चहा मांगवता अन् मले विचारता, सरपंचबाई, तुमी काऊन नाई घेत? मी म्हणतो, मले चहा चालत नाई. मले चहा चालते."

ग्रामसेवकाने लिहिलं.

ठराव झाला म्हणून काम झालं असं होत नाही. जागेवरून महिना गेला. एका टपरीवाल्याला आपल्या बाजूला ते नको होतं. विटा आल्या आणि पावसाआधी संपल्या. शेवटी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बाजारामागे दोन कोंदट खोल्या उभ्या राहिल्या, पत्र्याचं छप्पर, एक सिमेंटची टाकी. दरवाजे कारागिराने बाजाराकडे तोंड करून बसवले. मीराबाईने ते उपटायला लावले आणि उलटे बसवून घेतले. वारलूने समोर आपणहून एक तट्टा रोवून दिला.

शमीमची साखर गेली नाही. ती जाणारी नव्हतीच. त्या वर्षभर गुरुवारचा आकडा एकशे ऐंशी ते दोनशेच्या दरम्यान राहिला, गोळी एकावरच राहिली, आणि सोमवारसारखा झटका पुन्हा आला नाही. कांताने लॅबच्या फॉर्मवर नाव-वयाच्या खाली स्वतःच्या हाताने एक रकाना आखायला सुरुवात केली: आज पाणी किती? डॉक्टरांनी एकदा तो पाहिला आणि पुढचे फॉर्म छापायला टाकताना रकाना त्यातच घालून घेतला. वीटभट्टीवरच्या बायका, शाळामास्तरणी, एसटी स्टँडवर पेरू विकणाऱ्या बायका, बऱ्याच जणींच्या रकान्यात कांताला 'चहा' एवढंच लिहावं लागायचं. मग ती दार लोटून घ्यायची.

खोल्या सुरू झाल्या त्या पहिल्या गुरुवारी उकाडा फार होता. बायनाबाईने मासळीच्या पाट्या झाकल्या, बाजारातल्या हापशीवर गेली, दांडा हाणला आणि ओंजळ लावून पोटभर प्यायली. परत येऊन बसली आणि तोंड वाकडं करून शमीमला म्हणाली, "मचूळ हाय वं हे पाणी. वीस वर्सं या हापशीपाशी बसतो, मले मालूमच नव्हतं."

शमीमने आपल्या कॅनमधून तिला पेला भरून दिला, आणि समोर हात पुढे करून बसलेल्या पोरीच्या मनगटाला माप लावायला घेतलं.